बांधकाम मजूर आणि सुरक्षा नियमांचे उल्लंघन : महामंदीकालीन दोन अमेरिकी प्रकल्पांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :
बांधकामावरील मजूर सुरक्षा नियम का मोडतात, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यांच्या अज्ञानात वा बेफिकिरीत शोधले जाते. आर्थिक महामंदीच्या काळात अमेरिकेत उभारलेले हूवर धरण (१९३१-३५) आणि सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पूल (१९३३-३७) यांचा इतिहास पाहता हे उत्तर अपुरे ठरते.

हूवर धरण :
कोलोरॅडो नदी वळविण्याचे बोगदे मुदतीत पूर्ण न झाल्यास ‘सिक्स कंपनीज’ या कंत्राटदार समूहाला दररोज ३,००० डॉलर दंड होणार होता. नेवाडाच्या खाण कायद्यात भूगर्भात पेट्रोल इंजिने चालविण्यास मनाई असूनही बोगद्यांत ट्रक वापरले गेले. राज्याने हरकत घेताच कंपनीने न्यायालयात धाव घेतली. म्हणजेच येथे नियमभंगाचा पहिला कर्ता मजूर नव्हता. ऑगस्ट १९३१ मध्ये मजुरांनी संप केला. परंतु प्रवेशद्वाराबाहेर बेकारांची गर्दी असल्याने तो टिकला नाही. हेच मजूर सुरक्षेविषयी उदासीन मात्र नव्हते. कड्यावर दोराला लोंबकळून सैल खडक पाडणाऱ्यांनी कापडी टोप्यांवर डांबराचे थर चढवून स्वतःच कठीण टोप्या तयार केल्या. कंपनीने तशा टोप्या नंतर मागविल्या. धरणाच्या कामावर अधिकृत नोंदीनुसार ९६ मृत्यू झाले.

गोल्डन गेट पूल :
मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी येथे कठीण टोपी सक्तीची केली, पुलाखाली सुमारे १,३०,००० डॉलर खर्चून जाळी बांधली आणि उंचीवर धाडसाचे प्रदर्शन करणाऱ्यास कामावरून काढण्याची ताकीद दिली. मर्दुमकी मिरविण्याची वृत्ती मजुरांत होती, हे या ताकिदीवरूनच दिसते. तथापि साधने मालकाने पुरविल्यामुळे तिला आवर घालणे शक्य झाले. जाळीने १९ जणांचे प्राण वाचविले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मात्र फिरता मचाण जाळी फाडून कोसळला व १० मजूर मृत्युमुखी पडले. प्रकल्पातील एकूण मृत्यू ११ झाले.

निष्कर्ष :
दोन्ही ठिकाणी बेकारीचे सावट सारखेच होते. भिन्न होती ती व्यवस्था. नियम पाळण्याची किंमत मजुराच्या रोजीतून वसूल होते तेव्हा तो नियम मोडतो. ती मालकाने उचलली की तोच मजूर नियम पाळतो. मात्र मचाणच सदोष असेल तर नियम पाळणाराही वाचत नाही, हे फेब्रुवारी १९३७ च्या अपघाताने दाखवून दिले. म्हणून अपघाताच्या चौकशीत मजुराच्या वर्तनाआधी कंत्राटातील मुदत, मजुरी आणि साधने यांची तपासणी होणे अगत्याचे आहे.