चोवीस नावं आणि लष्कराच्या भाकऱ्या

१२ मार्च १९६८. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं न्यू हॅम्पशर हे चिमुकलं राज्य. डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत निवडणूक, म्हणजे प्रायमरी, होती. एका बाजूला गादीवर बसलेले राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन, दुसऱ्या बाजूला व्हिएतनाम युद्धाला विरोध करत उभे राहिलेले सिनेटर युजीन मॅकार्थी. मतं मोजली. जॉन्सनना ४९ टक्के, मॅकार्थींना ४२. म्हणजे जॉन्सन जिंकले.

पण त्या राज्याच्या २४ प्रतिनिधींपैकी २० मॅकार्थींना मिळाले!

हे कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार शेवटी ठरवतात ते पक्षाच्या अधिवेशनात बसलेले प्रतिनिधी, त्यांच्या भाषेत डेलिगेट. न्यू हॅम्पशरच्या मतपत्रिकेवर तेव्हा उमेदवाराला वेगळं मत होतं आणि प्रतिनिधींना वेगळं. जॉन्सन यांच्या गोटातल्या प्रत्येक स्थानिक पुढाऱ्याला अधिवेशनाला जायचं होतं. जागा २४ आणि उभे राहिले चाळिसावर. कुणी कुणाला ‘बस खाली’ म्हणेना. मतं फुटली. मॅकार्थींच्या स्वयंसेवकांनी मोजून २४ नावं दिली होती. एक जास्त नाही, एक कमी नाही.

त्या राज्यात तेव्हा देशभरातून आलेल्या विद्यार्थ्यांची गर्दी होती. दाढ्या काढून, केस कापून, नीटनेटके होऊन ही पोरं दारोदार फिरली. त्यांचे फोटो आजही छापले जातात. त्या २४ नावांचा फोटो कुणी काढला नाही. तरी मला वाटतं, त्या वर्षातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच होती.

१९ दिवसांनी जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. पण याचा अर्थ पोरं जिंकली असा नव्हता. पुढच्याच महिन्यात पेन्सिल्व्हेनियात मॅकार्थींना सत्तर टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि तिथले बहुतेक प्रतिनिधी मात्र उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांच्याकडे गेले. कारण तिथे प्रतिनिधी कोण, हे मुख्यतः पक्षातले बडे लोक ठरवत. जॉर्जियात तर राज्याच्या पक्षाध्यक्षाने गव्हर्नरच्या संमतीने यादी करायची, विषय संपला. अनेक राज्यांत निवडीचे नियम कुठे लिहून ठेवलेलेच नव्हते. देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक प्रतिनिधींची निवड निवडणुकीचं वर्ष उजाडण्याआधीच जवळपास पक्की झालेली होती. तुम्ही युद्धाविरुद्ध मत द्यायला घराबाहेर पडेपर्यंत बैठक उठलेली असायची.

जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात एकही प्रायमरी न लढलेले हम्फ्री उमेदवार झाले आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांनी निदर्शकांना झोडपलं. ते टीव्हीवर साऱ्या देशाने पाहिलं. आत मात्र, गोंधळात, एक ठराव मंजूर झाला: प्रतिनिधी निवडण्याच्या पद्धतीचा फेरविचार करायचा. त्यातून जो आयोग नेमला गेला त्याचे अध्यक्ष होते साउथ डाकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न.

आयोगाचे नियम वाचायला कंटाळवाणे आहेत. बैठकीची जागा आणि वेळ आधी जाहीर करा. नियम लिहून ठेवा. बंद खोलीत यादी बनवू नका. स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीय यांचं लोकसंख्येत जेवढं प्रमाण आहे, त्याच्याशी सुसंगत असं प्रमाण प्रतिनिधींत दिसलं पाहिजे. बस. पण आपल्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस बोर्डावर लागते की नाही, यावर केवढं अवलंबून असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला या नियमांची ताकद सांगायला नको.

जानेवारी १९७१ मध्ये खुद्द मॅकगव्हर्न यांनीच उमेदवारी जाहीर केली. पाहणीत त्यांना पाच टक्क्यांच्या आसपास पसंती होती. पक्षातले बहुतेक मोठे नेते एडमंड मस्की यांच्या मागे होते. मॅकगव्हर्न यांच्याकडे नेते नव्हते. त्यामुळे प्रचाराची सूत्रं सांभाळणाऱ्या गॅरी हार्ट या पस्तिशीतल्या वकिलापुढे साधा प्रश्न होता: प्रतिनिधी म्हणून उभं करायचं कुणाला?

उत्तर होतं, जो येईल त्याला. युद्धविरोधी मोर्च्यांत भेटलेले शिक्षक, चर्चमधली माणसं, गृहिणी, कॉलेजची मुलं. १९७१ मध्येच मतदानाचं वय अठरावर आलं होतं. आपल्या भाषेत हौशे, नवशे, गवशे सगळेच. पण यावेळी त्यांना सतरंज्या उचलायला बोलावलं नव्हतं, सतरंजीवर बसायला बोलावलं होतं. फरक मोठा आहे.

काम कसं चाले? काही राज्यांत कॉकस असे, म्हणजे वस्तीपातळीवरची पक्षाची सभा. तिथे वर्षानुवर्षं मोजकीच माणसं यायची. तुम्ही थंडीत शेजारपाजारचे वीस लोक घेऊन वेळेवर पोचलात तर सभा तुमची. बाकी राज्यांत सह्या गोळा करायच्या, अर्ज भरायचे, मुदत सांभाळायची. न्यूयॉर्कमध्ये तर मतपत्रिकेवर ‘मॅकगव्हर्न’ हे नावच नसे, फक्त प्रतिनिधींची नावं. कोण कुणाचा, हे मतदाराला दारात जाऊन सांगावं लागे. २० जून १९७२ ला तिथल्या बहुतेक जागा मॅकगव्हर्न यांच्या लोकांनी जिंकल्या.

प्रतिनिधी झालात तर प्रवास तुमचा, हॉटेल तुमचं, बुडालेला पगारही तुमचाच. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं यालाच म्हणतात.

जुलै १९७२. मायामी बीच. सभागृहाकडे पाहून जुने पत्रकार चक्रावले. १९६८ मध्ये स्त्रिया १३ टक्के होत्या, आता ४०. कृष्णवर्णीय साडेपाचवरून १५ टक्क्यांवर. पाचातला एक जण तिशीच्या आतला. बहुतेकांचं आयुष्यातलं पहिलंच अधिवेशन. याच सभागृहात शर्ली चिझम या कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या होत्या आणि त्यांना १५२ मतं पडली.

आणि पहिल्याच रात्री या नवख्या माणसांची परीक्षा झाली.

साउथ कॅरोलायनाच्या प्रतिनिधींत स्त्रिया फारच कमी आहेत, अशी तक्रार महिला संघटनांनी केली होती. मॅकगव्हर्न यांचे लोक त्यांच्या बाजूने मत देणार, हे उघड होतं. नियमच त्यांच्या नेत्याचा होता. पण त्यानंतर कॅलिफोर्नियाचा वाद मतदानाला येणार होता. तिथल्या सर्वच्या सर्व २७१ जागा मॅकगव्हर्न यांनी जिंकल्या होत्या आणि विरोधकांनी त्यातल्या १५१ काढून घेतल्या होत्या. त्या परत मिळाल्या तरच उमेदवारी. साउथ कॅरोलायनाचा निकाल अगदी काठावर लागला असता तर ‘बहुमत म्हणजे नेमकी किती मतं’ हा वाद तिथेच उकरला गेला असता आणि कॅलिफोर्निया हातची गेली असती. म्हणून मतदान चालू असतानाच मॅकगव्हर्न यांच्या माणसांनी निरोप फिरवले: आपली मतं कमी करा, हा ठराव स्वच्छ पडू द्या.

ठराव पडला. कित्येक प्रतिनिधींनी जिच्यासाठी घर सोडलं होतं त्याच गोष्टीविरुद्ध मत दिलं. टीव्हीवरच्या काही जाणकारांना वाटलं, मॅकगव्हर्न हरताहेत. थोड्या वेळाने कॅलिफोर्नियाच्या जागा सोळाशेहून अधिक मतांनी परत मिळाल्या. महिला कार्यकर्त्यांनी हा दगा मानला. हिशेब म्हणून डाव बरोबर होता, आणि त्यांचा रागही बरोबर होता. मला दोन्ही एकदम पटतं.

त्याच रात्री शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्यासह ५९ प्रतिनिधींना बाहेर काढलं गेलं. त्यांची यादी बंद खोलीत बनली होती, हे खरं. पण प्रायमरीत लोकांनी त्यांना निवडून दिलं होतं, हेही खरं. त्यांच्या जागी विल्यम सिंगर आणि जेसी जॅक्सन यांचा गट बसला. त्यात स्त्रिया, तरुण, कृष्णवर्णीय होते. पण प्रायमरीत त्यांना मतदारांनी निवडलेलं नव्हतं. सुधारणेचा हा भाग सांगताना सुधारक आवाज खाली आणतात.

शेवटच्या रात्री उपराष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानात हौशी मंडळींनी सत्तरहून अधिक नावांना मतं दिली, त्यात माओ त्से तुंगही होते. वेळ गेला. मॅकगव्हर्न भाषणाला उभे राहिले तेव्हा पहाटेचे पावणेतीन वाजले होते आणि देश झोपला होता. नोव्हेंबरमध्ये ते ५० पैकी ४९ राज्यांत हरले. कामगार संघटनांच्या महासंघाने त्यांना पाठिंबाच दिला नव्हता. त्याचे म्होरके जुन्या पद्धतीत आतल्या खोलीत बसणारे.

पराभवाचं खापर त्या प्रतिनिधींवरही फुटलं. पुढे, १९८४ पासून, पक्षाने खासदार, गव्हर्नर अशा पदाधिकाऱ्यांना न निवडता थेट मतदानाचा हक्क दिला. हेच ते सुपरडेलिगेट. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांचे समर्थक यांच्यावरूनच भडकले होते आणि २०१८ मध्ये त्यांचं पहिल्या फेरीतलं मत जवळपास काढून घेतलं गेलं. बाकीचे बहुतेक नियम मात्र टिकले. अर्ज आजही भरावा लागतो, कुणाला पाठिंबा ते लिहून सही करावी लागते.

खर्चही आजही स्वतःचाच. २०१६ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनासाठी निवडून आलेल्या सँडर्स यांच्या कित्येक प्रतिनिधींनी विमानाच्या तिकिटासाठी आणि हॉटेलसाठी ऑनलाइन वर्गणी गोळा केली होती.