धर्म आणि व्यसनी माणसाचा प्राण

व्यसन सोडावें असा उपदेश सर्वच धर्म करितात. परंतु ज्याच्यानें तें आज सुटत नाहीं, त्यास उद्यांपर्यंत जगवावें कसें? ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं या प्रश्नास दोन ख्रिस्ती पंथांकडून निरनिराळीं उत्तरें मिळालीं. तो इतिहास आज आपणांपुढें ठेवितों.

त्या शहराच्या किंग्ज क्रॉस भागांत १९९० नंतरच्या दशकांत हेरॉईननें अनेकांचे बळी घेतले. अफूपासून होणारें हें द्रव्य सुईनें शिरेंत टोचून घेतात. मात्रा अधिक झाली म्हणजे श्वास मंदावतो आणि थांबतो. जवळ कोणी जाणता असेल, तर प्राणवायु व उतारा देऊन मनुष्य वांचतो; गल्लीबोळांत एकटा असेल, तर मरतो. एकच सुई अनेकांनीं वापरल्यानें रक्तांतून रोग पसरतात, तें निराळेंच.

तेथें १९६४ सालीं स्थापन झालेलें 'वेसाइड चॅपेल' नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. मे १९९९ मध्यें, कायद्याची परवानगी नसतांही, त्या मंदिरांत अशा लोकांसाठीं देखरेखीची एक खोली उघडण्यांत आली. पोलिस आले. धर्मोपदेशक रे रिचमंड यांजवर आरोप ठेवण्यांत आला. पुढें तो मागें घेण्यांत आला. त्याच महिन्यांत न्यू साउथ वेल्स सरकारनें भरविलेल्या परिषदेनें अशा खोलीचा कायदेशीर प्रयोग व्हावा, असें सुचविलें.

हें काम प्रथम 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' या कॅथॉलिक मठवासिनींनीं पत्करिलें. १८५७ सालीं सिडनींत सेंट व्हिन्सेंट रुग्णालय स्थापन करणारा हाच संघ होय. परंतु ऑक्टोबर १९९९ मध्यें व्हॅटिकनहून मनाई आली. हेतु चांगला असला तरी दुष्कृत्यास इतक्या जवळून साहाय्य करणें योग्य नव्हे, असा तिचा आशय होता. मठवासिनींनीं आज्ञा मानिली. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. साहाय्य कोठें संपतें व सहभाग कोठें सुरू होतो, हें ठरविणें खरोखरच कठीण आहे.

तेव्हां 'युनायटिंग चर्च' हा प्रॉटेस्टंट पंथ पुढें आला. स्थानिक व्यापाऱ्यांनीं न्यायालयांत विरोध केला, तो टिकला नाहीं. ६ मे २००१ रोजीं केंद्र उघडलें. तेथें मादक द्रव्य दिलें जात नाहीं. येणारा तें स्वतः आणतो. केंद्र देतें ती निर्जंतुक सुई, परिचारिकेची दक्ष नजर आणि इच्छा झाल्यास व्यसनमुक्तीच्या उपचारांची वाट. पहिल्या २० वर्षांत तेथें १० लाखांहून अधिक वेळां सुई टोचली गेली. हजारों प्रसंगीं मात्रा अधिक झाली. परंतु त्यामुळें केंद्रांत एकही मनुष्य दगावला नाहीं. २०१० सालीं विधिमंडळानें हा प्रयोग कायम केला.

व्यसनास संमति देणें ही एक गोष्ट, आणि व्यसनी माणसास मरूं न देणें ही दुसरी. या दोहोंतील भेद ओळखून त्या पंथानें लोकनिंदा पत्करिली. उपदेश फळास यावयाचा, तर तो ऐकणारा आधीं जिवंत असावा लागतो.