विसाव्याचे गणित

आम्ही शाळेत होतो तेव्हा आंतरशालेय स्पर्धा जवळ आल्या की धावण्याचा सराव एकाच पद्धतीने चाले. मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या आणि मध्ये थांबायचे नाही. जो थांबेल तो कामचुकार. पहिल्या दोन फेऱ्या सारे जोरात मारत, उरलेल्या आठ पाय ओढत पूर्ण होत. एवढे करून स्पर्धेच्या दिवशी वेग फारसा वाढलेला नसे. तो का वाढला नाही, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही. आज विचार केला तर उत्तर सोपे आहे. दहापैकी आठ फेऱ्या आम्ही सावकाश धावण्याचाच सराव करत होतो!

वेगाने धावायचे तर सरावातही वेगाने धावले पाहिजे. पण वेगाने फार वेळ धावता येत नाही. या अडचणीतून वाट काढण्यासाठी धावेचे तुकडे पाडतात. थोडे अंतर वेगाने धावायचे, ठरावीक वेळ विसावा घ्यायचा, पुन्हा धावायचे. या पद्धतीला ‘इंटर्व्हल ट्रेनिंग’ म्हणतात. आपण तिला ‘खंडित सराव’ म्हणू. गंमत अशी, की यातला ‘इंटर्व्हल’ हा शब्द धावेला उद्देशून नाही. दोन धावांमधल्या विसाव्याला तो लावलेला आहे. हा विसावा किती असावा आणि त्या वेळात शरीरात काय घडते, हे शोधता शोधता चाळीस-पन्नास वर्षे गेली. त्या शोधाचीच ही हकीकत.

प्राणवायूची उधारी

१९२० च्या दशकात फिनलंडचा पावो नुर्मी हातात घड्याळ घेऊन धावत असे. लांब पल्ल्याच्या सरावात तो मध्येच छोट्या वेगवान धावा घेई. १९२३ मध्ये त्याने एक मैल ४ मिनिटे १०.४ सेकंदांत पार करून जागतिक विक्रम केला. पुढे १९३० च्या दशकात स्वीडनच्या गोस्टा होल्मेर या प्रशिक्षकाने ‘फार्टलेक’, म्हणजे वेगाचा खेळ, ही पद्धत रूढ केली. रानवाटांवर मनाला येईल तेव्हा वेग वाढवायचा आणि मनाला येईल तेव्हा कमी करायचा. दोन्हीकडे वेग आणि विसावा आलटून पालटून येत होते. विसावा मात्र अजून मोजला जात नव्हता.

याच सुमारास इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ धावणाऱ्या माणसाचा श्वास मोजत होते. स्नायूंतील उष्णतेवरच्या संशोधनाबद्दल त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि ते स्वतः धावपटू होते. धावणाऱ्याच्या पाठीवर पिशवी बांधून ते त्याची उच्छ्वासातील हवा गोळा करत आणि तिचे पृथक्करण करत. वेग वाढवत नेला तर ऑक्सिजनचा वापरही वाढतो, पण एका मर्यादेनंतर तो वाढायचा थांबतो, असे त्यांना दिसले. त्यापुढचा वेग शरीर जणू उधारीवर मिळवते आणि थांबल्यावर धापा टाकत ती उधारी फेडते. हिल यांनी तिला ‘ऑक्सिजनचे ऋण’ म्हटले. या कल्पनेत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. पण धाव थांबली तरी शरीराचे काम थांबत नाही, ही गोष्ट तिने स्पष्ट केली.

ठोके १८०, ठोके १२०

विसावा मोजण्याचे काम जर्मनीत झाले. वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि राइंडेल हे हृदयतज्ज्ञ यांनी त्यासाठी नाडीचा उपयोग केला. त्यांचा नियम साधा होता. धावपटूने १०० किंवा २०० मीटरसारखे छोटे अंतर वेगाने धावावे. नाडी मिनिटाला सुमारे १८० पर्यंत चढू द्यावी. मग ती १२० वर येईपर्यंत विसावा घ्यावा आणि पुन्हा धावावे. नाडी १२० वर यायला दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला, तर धाव फार लांब किंवा फार वेगाची झाली असे समजावे. थोडक्यात, पुढची धाव कधी घ्यायची हे प्रशिक्षकाच्या शिट्टीने ठरत नसे, तर धावणाऱ्याच्या हृदयाने ठरत असे.

गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १५ जुलै १९३९ रोजी मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. आधीचा विक्रम १ मिनिट ४८.४ सेकंदांचा होता. जिथे सेकंदाच्या काही दशांशांनी विक्रम मोडतात, तिथे एकदम १.८ सेकंदांची सुधारणा झाली! हा विक्रम पुढे १६ वर्षे, १९५५ पर्यंत टिकला. हार्बिगला ते पाहायला मिळाले नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली तो पूर्व आघाडीवर मारला गेला.

झाटोपेक आणि बॅनिस्टर

चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक बूट बनवण्याच्या कारखान्यातला कामगार होता. पुढे तो सैन्यात गेला. त्याच्याजवळ हृदयतज्ज्ञ नव्हता. त्याने स्वतःच्या पद्धतीने धावेचे तुकडे पाडले. २०० मीटरच्या ५ धावा, ४०० मीटरच्या २० धावा आणि पुन्हा २०० मीटरच्या ५ धावा, असा त्याचा एक प्रसिद्ध सराव होता. दोन धावांमध्ये तो २०० मीटर संथ पळे. विद्यार्थ्यांना बेरीज करायला सांगा. वेगाची धाव बरोबर १० किलोमीटर भरते. धावा ३०, म्हणजे मधले विसावे २९, आणि त्यांतली संथ धाव ५.८ किलोमीटर! १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. त्याच स्पर्धेत १,५०० मीटरचे सुवर्णपदक लक्झेंबर्गच्या जोसी बार्टेलला मिळाले. तो गेर्शलर यांच्याच हाताखाली तयार झाला होता.

रॉजर बॅनिस्टर लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत होता. सरावासाठी त्याला दुपारच्या जेवणाच्या सुटीचाच वेळ मिळे. एक मैल चार मिनिटांच्या आत धावायचे, तर पाव मैलाला सरासरी ६० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागायला हवा. डिसेंबर १९५३ पासून तो आणि त्याचे सोबती पाव मैलाच्या १० धावा घेऊ लागले. दोन धावांमध्ये सुमारे दोन मिनिटांचा विसावा असे. सुरुवातीला एका धावेला ६६ सेकंद लागत. एप्रिलपर्यंत ते ६१ वर आले आणि तिथेच अडकले. काही केल्या आकडा खाली येईना. तेव्हा बॅनिस्टर सराव सोडून मित्राबरोबर काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेला. परत आल्यावर धाव घेतली, तर वेळ ५९ सेकंद! ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे त्याने मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत कापले. या शर्यतीआधीचे काही दिवसही त्याने सराव पूर्ण बंद ठेवला होता. दोन धावांमध्ये विसावा लागतो, तसाच तो सरावाच्या दोन पर्वांमध्येही लागतो.

तुकडे पाडल्याने काय साधते?

पद्धत यशस्वी ठरली होती, पण तिचे कारण काय? विसाव्याच्या सुरुवातीला हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते आणि त्या ताणानेच ते बळकट होते, असे राइंडेल यांचे म्हणणे होते. त्यांच्या मते खरा व्यायाम विसाव्यातच घडत होता.

१९६० मध्ये स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी हा प्रश्न दुसऱ्या बाजूने तपासला. त्यांच्या एका प्रयोगात धावपटूने ताशी २० किलोमीटर वेगाने सलग धाव घेतली आणि सुमारे ४ मिनिटांत तो पूर्ण थकला. मग त्याच वेगाने १० सेकंद धाव आणि ५ सेकंद विसावा, असा क्रम ठेवला. आता तो अर्धा तास टिकला. त्यात प्रत्यक्ष धाव २० मिनिटांची, म्हणजे सुमारे ६.७ किलोमीटरची झाली. सायकलसारख्या उपकरणावरच्या प्रयोगात त्यांनी एका तासात तेवढेच काम आणि तेवढाच विसावा ठेवला, फक्त तुकड्यांची लांबी बदलली. तीन-तीन मिनिटांचे तुकडे पाडले तेव्हा रक्तातील लॅक्टिक आम्ल खूप वाढले. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे पाडले तेव्हा ते थोडेच वाढले. बेरीज तीच, पण परिणाम निराळा!

याचे एक कारण मायोग्लोबिन. स्नायूंतील हे प्रथिन थोडा ऑक्सिजन साठवून ठेवते आणि विसाव्यात हा साठा भरून येतो. दुसरे कारण फॉस्फोक्रिएटिन. जोराच्या हालचालीसाठी पहिल्या काही सेकंदांत लागणारी ऊर्जा हे रसायन झटपट पुरवते. १९२७ मध्ये ते शोधणाऱ्यांत आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी हे काम केले. जोराच्या धावेत संपत आलेल्या फॉस्फोक्रिएटिनचा सुमारे निम्मा साठा विसाव्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच भरून येऊ शकतो. म्हणून छोटी धाव आणि छोटा विसावा यांचे जमते.

आज हृदय बळकट होण्याचे सारे श्रेय विसाव्याला दिले जात नाही. विसाव्यामुळे माणूस हिल यांनी दाखवलेल्या ऑक्सिजनच्या मर्यादेजवळ एकूण जास्त वेळ काम करू शकतो, हे महत्त्वाचे मानतात. म्हणजे राइंडेल यांचा नियम उपयोगी ठरला, पण त्यामागचे स्पष्टीकरण अपुरे होते. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडते. विद्यार्थ्यांना हेही सांगायला हवे.

पद्धतीच्या मर्यादाही लवकरच दिसल्या. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या शिष्यांकडून आधी आठवड्याला सुमारे १०० मैल धावून घेत आणि वेगाच्या धावा शर्यतींच्या तोंडावर देत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हाल्बर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. खंडित सराव हा इमारतीचा वरचा मजला आहे. पाया संथ आणि लांब धावेचाच लागतो.

तरीही या मजल्याची किंमत मोजून झाली आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका अभ्यासात तरुणांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा सराव केला. सर्व गटांचे एकूण काम सारखे ठेवले होते. एक गट ४ मिनिटांच्या चार जोरदार धावा घेई आणि मध्ये ३ मिनिटे संथ धावे. त्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांहून थोडी अधिक वाढली. सलग, मध्यम वेगाने धावणाऱ्या गटांत अशी वाढ दिसली नाही.

मैदानावरचा प्रयोग

हा प्रयोग शाळेत करायला एक घड्याळ पुरते. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. एकाने १०० मीटर वेगाने धावावे, पण जीव तोडून नव्हे. थांबताच जोडीदाराने मनगटावर त्याची नाडी १० सेकंद मोजून ६ ने गुणावे. दर अर्ध्या मिनिटाने पुन्हा मोजावे. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर ठोके घेऊन आलेख काढावा. नाडी १२० च्या आसपास आली की पुढची धाव. अशा चार-पाच धावा पुरेत. आधी दहा मिनिटे हलके धावून अंग मोकळे करावे. दमा, हृदयविकार किंवा नुकताच ताप येऊन गेलेल्या मुलांना नोंदी ठेवण्याचे काम द्यावे. असा सराव आठवड्यातून एकदा किंवा फार तर दोनदा, तोही लागोपाठच्या दिवशी नको.

प्रत्येक मुलाचा आलेख वेगळा येईल. कोणाची नाडी एका मिनिटात उतरेल, कोणाला तीन मिनिटे लागतील. ज्याला तीन मिनिटे लागली तो आळशी नाही. त्याच्या शरीराला आज तेवढा वेळ लागतो, एवढेच. महिन्याभराच्या सरावानंतर त्याच मुलाचा आलेख पुन्हा काढा आणि जुन्या आलेखाशेजारी ठेवा. रेघ अधिक लवकर खाली उतरताना दिसली, तर त्याची प्रगती झाली. मग तो शर्यतीत कितवाही येवो.

आमच्या वेळी मैदानावर मध्येच थांबणाऱ्या मुलाला आम्ही हसत होतो. त्याची नाडी मोजावी, हे कोणालाच सुचले नाही.