दारावरची बारनिशी

इतिहासात नाव येतं ते गड घेणाऱ्याचं, नाहीतर गड राखणाऱ्याचं. दरवाजा बंद बघून मुकाट्यानं परत गेलेल्या माणसाची दखल कुठल्याही बखरकारानं घेतलेली नाही. ही उणीव आमच्या घरातल्या राऊटरनं भरून काढली आहे. टीव्हीशेजारी दिवे लुकलुकवीत बसलेली ही डबी रात्रंदिवस एक वही लिहीत असते, आणि त्या वहीत आलेल्या पाहुण्यांची नव्हे, तर दारातूनच पिटाळलेल्यांची नावं असतात.

पुतण्यानं ही वही मोबाईलवर उघडली तेव्हा शेजारचे निवृत्त तलाठी चहाला बसले होते. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "अहो, ही तर आवक बारनिशी!" वेळ, पाठवणाऱ्याचा आकडी पत्ता, कितव्या दारावर आला तो क्रमांक आणि शेवटी शेरा : 'अडवले'. रात्री दोन ते तीन या एका तासात पान भरलेलं. कुणी नेदरलँड्सचा, कुणी ब्राझीलचा.

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?" सौभाग्यवतींनी विचारलं. प्रश्न रास्त होता, पण चारचौघांत विचारण्यासारखा नव्हता.

"बांधाबिंधावरून वाकडं आलंय का कुणाशी?" तलाठ्यांनी चौकशी केली. गेवराईत वैर म्हटलं की बांध आलाच. पण ब्राझीलकराचा बांध आमच्या बांधाला लागत नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

खरी गोष्ट अशी की, हे लोक आपल्याकडे येतच नसतात. ते सगळ्यांकडे जात असतात. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते मुळात मोजकेच, ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. २०१३ साली मिशिगन विद्यापीठाच्या मंडळींनी झेडमॅप नावाचा प्रोग्रॅम दाखवला. चांगली जोडणी असली तर तो हे सगळे पत्ते पाऊण तासात ठोठावून येतो. तेवढ्या वेळात आमच्याकडे वासुदेवाची एक गल्ली होत नाही.

या ठोठावण्याला घराणं आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्यानं स्वतःच पसरत जाणारा एक प्रोग्रॅम सोडला. त्यानं सुमारे ६ हजार संगणक आजारी पाडले, असा त्या वेळचा अंदाज होता. लोकांचे सोपे पासवर्ड ओळखणं ही त्याची एक युक्ती. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपण वेशीत शिरलो तेव्हा चोर आधीच गावात होते. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर आला. अवघ्या ३७६ बाइटांचा जीव, पण सापडण्याजोगे बहुतेक संगणक त्यानं दहा मिनिटांत गाठले. २०१६ च्या मिराईनं तर कारखान्यातून आलेले साठेक ठराविक पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले आणि लोकांचे कॅमेरे कामाला जुंपले. लिहिणारे होते अमेरिकेतले विशीतले तरुण. तेव्हा आमच्या वहीतला ब्राझीलकर बिचारा गाढ झोपेतही असेल. रात्री फिरत असेल त्याचा कॅमेरा.

मग पहारेकरी ओळखतो कसा? त्याचा नियम जुन्या जागल्याइतकाच सोपा. आतून कोण बाहेर गेलं ते तो लक्षात ठेवतो आणि त्यालाच आलेलं उत्तर आत सोडतो. न बोलावता आलेला परत. पण उत्तरालाच उशीर झाला आणि आपण ते पान मिटून टाकलं असेल, तर आपल्याच पत्राचं उत्तरही 'अडवले' म्हणून वहीत चढतं. ४४३ क्रमांकाच्या दाराकडून आलेल्या कित्येक नोंदी याच जातीच्या.

अडवणाऱ्याला आपला-परका कळतोच असं नाही, हे आमच्या तालुक्याला चांगलं ठाऊक आहे. १० ऑगस्ट १७६३ ला इथल्या राक्षसभुवनाला लढाई झाली. गोदावरीला पूर. निजाम पलीकडे उतरलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह अलीकडे राहिलेला. माधवराव पेशव्यांनी त्याला गाठलं आणि दिवाण पडला. निजामाला मदतीला येता येईना, कारण नदीनं त्यालाच अडवलं होतं.

"पण त्याच्या आधीच जानोजी भोसले निजामाला सोडून पेशव्यांकडे आले होते," तलाठ्यांनी आठवण करून दिली. मला ती नोंद फार मोलाची वाटली. पूर सगळ्यांना दिसतो. छावणीतून कोण उठून गेलं, ते उशिरा कळतं.

म्हणून 'अडवले' वाचून झोप उडवून घेऊ नये. अडवले म्हणजे अडवले. झोप उडायचीच असेल तर डबीच्या पोटाला चिकटवलेला कारखान्याचा पासवर्ड अजून तोच आहे का, ते पाहताना उडावी. डबीचा कारभार बाहेरून हाकण्याची सोय उघडी राहिली आहे का, ते पाहावं. तिला नवं सॉफ्टवेअर शेवटचं कधी मिळालं, तेही पाहावं. उघड्या दारानं आत गेलेल्याच्या नावापुढे 'अडवले' असा शेरा पडत नाही.

आणि "बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा" म्हणणारा तर या बारनिशीत कधीच सापडायचा नाही. त्याला पहारेकऱ्याला ओलांडून आपणच आत घेतो, पाट मांडतो आणि वर विचारतो, "साहेब, आकडे परत सांगू का?"