चोरीचे वाहन आणि विमादावा

चोरीस गेलेली मोटार सापडली किंवा न सापडली, तर तिच्या विम्याचा निकाल कसा लागतो, त्याची ही नोंद. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी निकाली काढलेल्या गाड्यांना 2017 पासून ए, बी, एस व एन अशी वर्गाक्षरे देतात. ए आणि बी वर्गातील गाडी पुन्हा रस्त्यावर येत नाही. भारतात अशी वर्गवारी नाही.

उदाहरणार्थ, आटपाडी तालुक्यातील (जि. सांगली) वाहने एमएच-10 क्रमांकाची. इथली बरीच कुटुंबे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यांत असल्याने गाडी इथली आणि चोरी तिकडची, असेही घडू शकते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचा प्रश्न न आणता कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. तपास लागला नाही, तर महाराष्ट्र पोलीस ‘अ’ समरी मागतात, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी वा माल मिळाला नाही. ‘ब’ समरी खोट्या फिर्यादीची. विमादावा मुख्यतः या ‘अ’ समरीवर उभा राहतो. सोबत दोन्ही किल्ल्या, आरसी आणि आरटीओचे फॉर्म 28, 29 व 30 कंपनी मागते.

रक्कम ठरते ती आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या घटत्या किमतीवर. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30 टक्के घसारा. आठ लाखांची गाडी 5 लाख 60 हजारांची धरली जाते. दाव्याचे पैसे मिळण्याआधी गाडी सापडली, तर ती मालकाची, आणि कंपनी फक्त मोडतोड भरून देते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर, इथे 4 लाख 20 हजारांवर, गेला तरच ती ‘टोटल लॉस’. पैसे दिल्यानंतर सापडली, तर गाडीवर हक्क कंपनीचा, आणि ती लिलावात विकली जाते.

सापडलेली गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात ऊन-पाऊस खात पडते. टायर बसतात, बॅटरी जाते, वायरिंग उंदीर कुरतडतात. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात (2002) सर्वोच्च न्यायालयाने पंचनामा, छायाचित्रे व जामीनपत्र घेऊन वाहन लवकर सोडावे, असे बजावले. मालकाने त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लगेच अर्ज करावा. पोलिसांच्या निरोपाची वाट पाहू नये. फिर्याद वेळेत दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही, हे गुरशिंदर सिंग खटल्यात (2020) ठरले. दावा नाकारला गेल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे किंवा दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते.

या व्यवस्थेतली मोठी उणीव आरसीवर आहे. गाडी टोटल लॉस ठरली होती, ही खूण तिथे नसते. भंगारात घेतलेल्या गाडीची कागदपत्रे आणि चॅसिस क्रमांक चोरीच्या गाडीला चढवण्याची वाट त्यामुळे मोकळी राहते. खोडलेला क्रमांक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनाने उमटवता येतो, पण तोवर घेणाऱ्याचे पैसे गेलेले असतात. टोटल लॉसची नोंद आरसीवर सक्तीची व्हायलाच हवी. तोपर्यंत जुनी गाडी घेताना चॅसिस व इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावेत आणि मागील विमादाव्यांचा तपशील विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.