आमरांचे बीजसंवर्धन

आमर कुलातील म्हणजेच ऑर्किडेसीतील पुष्कळ जाती उष्ण कटिबंधातील जंगलांत मोठ्या वृक्षांच्या खोडांवर व फांद्यांवर वाढतात. आश्रयवृक्षातून त्या अन्नरस शोषीत नाहीत, केवळ आधार घेतात. म्हणून त्यांना बांडगुळे न म्हणता अपिवनस्पती म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस राधानगरी, गगनबावडा, आजरा व चंदगड या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत त्या आढळतात. उन्हाळ्याच्या अखेरीस गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लोंबते तुरे धरणारी सीतेची वेणी सर्वांच्या परिचयाची आहे. स्मिथसोनिया वंशातील ठेंगण्या जाती मात्र अभ्यासकांखेरीज फारशा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. त्यांपैकी दोन जातींचे वर्णन एन. ए. डॅलझेल यांनी १८५१ मध्ये केले होते, सी. जे. सालदान्हा यांनी १९७४ मध्ये त्यांच्यासाठी हा स्वतंत्र वंश स्थापिला. त्याचे घर मुख्यतः पश्चिम घाटच असल्याने तेथील जंगलातून तो गेला, तर अन्यत्रून आणता येणे कठीण. अशा जातींची रोपे बीजापासून वाढविता येतात की नाही, या प्रश्नाला त्यामुळे महत्त्व आहे.

आमराचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. एका बोंडात हजारो, कित्येकदा लाखो बिया असतात. फ्रिट्स म्यूलर यांनी मॅक्सिलारियाच्या एका बोंडात १७,५६,४४० बिया असल्याचा हिशेब केला व डार्विन यांनी तो आपल्या ग्रंथात नोंदविला. तथापि गहू वा हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी असतो तसा अन्नसाठा या बीत जवळजवळ नसतोच. पातळ कवचात थोड्या कोशिकांचा अपक्व गर्भ, एवढाच ऐवज. हलकेपणामुळे बी वाऱ्याबरोबर उंच फांदीपर्यंत पोहोचते, पण तेथे रुजण्यास लागणारी शिदोरी तिच्याजवळ नसते.

हे रहस्य उलगडले नव्हते तोपर्यंत आमरांची हौस पुरविण्याचा मार्ग एकच होता : जंगलातून झाडे काढून आणणे. एकोणिसाव्या शतकात यूरोपात या हौसेने वेडाचे रूप घेतले. जे. डी. हूकर यांनी १८५० मध्ये खासी टेकड्यांत निळ्या व्हँडाची सात हमालांची ओझी भरतील इतकी झाडे क्यू उद्यानासाठी गोळा केली. त्यांपैकी फारच थोडी इंग्लंडला जिवंत पोहोचली. कोलंबियात सुमारे १०,००० आमरांसाठी ४,००० वृक्ष तोडल्याचे ॲल्बर्ट मिलिकन या संग्राहकाने १८९१ मध्ये स्वतःच लिहून ठेवले आहे. आमर मिळाले आणि त्याचे घर गेले, असा हा व्यवहार होता.

बी पेरण्याचे प्रयत्न होत नव्हते असे नाही. डब्लिनजवळील ग्लासनेव्हिन उद्यानात डेव्हिड मूर यांनी १८४९ च्या सुमारास बीजापासून रोपे मिळविली. इंग्लंडमध्ये जॉन डॉमिनी यांनी तयार केलेले संकरित आमर १८५६ मध्ये फुलले. मातृवनस्पतीच्या कुंडीतच तिच्या मुळांभोवती बी टाकल्यास काही रोपे उगवतात, हे माळ्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते; कारण मात्र ठाऊक नव्हते. ते फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी १८९९ मध्ये शोधून काढले. कुजक्या पाल्यात उगवलेल्या निओटियाच्या बियांत त्यांना कवकाचे तंतू आढळले. कवक बीत शिरते, गर्भ त्या तंतूंचे पचन करतो व पाने फुटेपर्यंत त्यावर निभावतो. जुन्या कुंडीतील मातीत हे कवक आधीच नांदत असे. बेर्नार १९११ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तले; जर्मनीत हान्स बुर्गेफ यांनी हे काम पुढे नेले.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे ल्यूइस नडसन यांनी वेगळा तर्क केला. कवक जे पुरविते त्यात साखर हेच मुख्य असेल, तर ती थेट का देऊ नये? खनिज लवणे, साखर व आगर यांच्या निर्जंतुक माध्यमावर त्यांनी कवकाशिवाय बी रुजवून दाखविले व १९२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उसाच्या मुलखातील वाचकास हे वाचून गंमत वाटेल. पण साखरेचा हा उपयोग जंगले वाचविण्याच्या कामी खरोखरच मोलाचा ठरला.

आजही पद्धत मूलतः तीच आहे. पिकून फुटण्यापूर्वीच हिरवे बोंड तोडतात. त्याचा पृष्ठभाग निर्जंतुक करून आतील बी बाटलीतील माध्यमावर पसरतात. बोंड एकदा उकलले, की बीवरील बुरशी आवरणे अवघड जाते. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी बी फुगून हिरवी गोळी बनते. तिला प्रोटोकॉर्म म्हणतात. तिच्यातून पान व नंतर मूळ फुटते. रोपे नव्या माध्यमावर एकदोनदा हलवावी लागतात. फुलावर येण्यास पुढे कित्येक वर्षे जातात.

खरी कसोटी बाटलीबाहेर लागते. आतील दमट हवेत वाढलेल्या रोपाचे पान नाजूक असते. एकदम उघड्यावर ठेवल्यास ते सुकते, तर साचलेल्या पाण्याने कुजते. म्हणून आगर धुऊन काढून रोपे कोळसा, विटांचे तुकडे किंवा नारळाचा काथ्या यांवर सावलीत ठेवतात व दमटपणा हळूहळू कमी करतात. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १,००० मिमी. पाऊस पडतो, गगनबावड्यास तो ५,००० मिमी.च्या पुढे जातो. शहरात जगलेले रोप घाटमाथ्यावर जगेलच असे नाही. मुळांवरील स्पंजासारखे मृत कोशिकांचे आवरण पावसाचे पाणी झटकन टिपते, पण पाऊस सरल्यावर तितक्याच लवकर वाळते. मधल्या कोरड्या महिन्यांत रोपाला जाड पानांतील साठ्यावर तग धरावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींची नोंद एस. आर. यादव व एम. एम. सरदेसाई यांच्या २००२ मधील ग्रंथात मिळते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात दुर्मिळ व प्रदेशनिष्ठ वनस्पतींचे जतन केले जाते. दाजीपूरचे जंगल १९५८ पासून अभयारण्य आहे. राधानगरी या नावाने विस्तारलेल्या या क्षेत्राचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात भारत १९७६ मध्ये सामील झाला. त्यातील नियम जंगलातून काढलेले झाड आणि निर्जंतुक बाटलीत वाढविलेले रोप यांत भेद करतात. बहुसंख्य आमरांच्या बाबतीत बाटलीतील रोपांना निर्बंधांतून सूट आहे.

एका बोंडातून मिळालेली हजार रोपे मात्र एकाच मातेची असतात. ती जंगलात लावावयाची झाल्यास अनेक झाडांवरून बोंडे घेणे इष्ट, एरवी संख्या वाढूनही वैविध्य वाढत नाही. शिवाय लावणीसाठी खडबडीत सालीचा जुना वृक्ष लागतो आणि तो कोणत्याही बाटलीत तयार होत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी रोप काथ्याच्या दोरीने अशा फांदीवर बांधतात. नवी मुळे सालीला घट्ट चिकटल्यावर दोरी सोडतात.