ज्या चर्चमुळे ‘चर्चगेट’
मुंबईत रोज लाखो प्रवासी ‘चर्चगेट’ हे नाव उच्चारतात. पण ते ज्या चर्चवरून पडले, त्या सेंट थॉमस कॅथीड्रलची पायरी फार थोडे चढतात. स्थानकातून वीर नरिमन मार्गाने हुतात्मा चौक ओलांडून हॉर्निमन सर्कलकडे सरळ चालत गेल्यास ही वास्तू लागते.

गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यांच्या कारकिर्दीत १६७६ मध्ये तिची पायाभरणी झाली. काम मात्र अनेक दशके रखडले. रिचर्ड कॉब या धर्मगुरूंनी निधी जमवून ते पूर्णत्वास नेले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उपासनेसाठी खुले झाले. १८३७ मध्ये त्यास कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. चर्चकडे जाणारा कोटाचा दरवाजा म्हणजेच चर्चगेट. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली गेली, दरवाजाही नाहीसा झाला. नाव तेवढे उरले. शहराच्या जुन्या मैलांच्या दगडांवरील अंतरेही या चर्चपासूनच मोजलेली आहेत.

आतील भिंतींवरची संगमरवरी स्मारके सावकाश पाहावीत. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या स्मारकात बालहत्येची प्रथा थांबविण्याच्या त्यांच्या प्रयत्नांचा उल्लेख आहे. तरुणपणीच मृत्यू पावलेल्या सैनिकांचे व अधिकाऱ्यांचे स्मृतिलेख वसाहतकाळाची दुसरी, शोकाकुल बाजू दाखवितात. प्रवेशद्वारासमोरील कारंजे कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले.

वास्तूच्या जीर्णोद्धारास २००४ मध्ये युनेस्कोचा वारसा संवर्धन पुरस्कार लाभला. हे आजही नित्य उपासनेचे स्थान आहे. प्रार्थनेची वेळ टाळून जावे आणि आत शांतता पाळावी.